चार नंबरच्या वॉर्डातली जाजम

मी जाजम बोलतेय. न्यातीची, म्हणजे जातभाईंच्या बैठकीची, जाजम. लग्नाकार्यात तुम्ही माझ्या एखाद्या बहिणीवर ऐसपैस बसला असाल, विड्याच्या पानाचे देठ हळूच तिच्याखाली सरकवले असतील. आम्ही ते सगळं पोटात घालतो. पण एक गोष्ट अकरा वर्षं माझ्या पोटात आहे आणि ती आता मला पचत नाही.

दिल्लीत इंग्रज बादशहाचा दरबार भरला त्या साली, एकोणीसशे अकरात, माझा जन्म झाला. नंदुरबार आणि तळोदा यांच्या मधलं आमचं बाजाराचं गाव. तिथे इद्रिस विणकरानं मागाच्या खड्ड्यात पाय सोडून मला विणलं आणि त्याच्या बायकोनं, जन्नतबीनं, माझे दोन पट्टे मधोमध शिवले. लाल रंगात तीनदा बुडवून वाळल्यावर मी मारवाडी न्यातीच्या मालकीची झाले.

न्यातीची जाजम म्हणजे नुसतं बसायचं कापड नव्हे. माझ्यावर बसून दिलेला शब्द फिरवता येत नाही. माझ्यावर खोटं बोललेला माणूस सात पिढ्या बुडतो, असं सगळे मानायचे. आणि न्यातीला एखाद्याला वाळीत टाकायचं असलं, तर पंच एवढंच म्हणायचे, "ऊठ." तो माझ्यावरून उठला की त्याच्या घरची सोयरीक, पंगत, खांदा द्यायला येणं, सगळं बंद. वर त्याच्याच घरच्या बाईनं मला नदीवर नेऊन धुवायचं. त्याचं बूड लागलेलं पुसून काढायला.

बाई धुवायला चालायची, बसायला नाही. पंचवीस वर्षांत एकही बाई माझ्यावर बसली नव्हती. त्या दाराआड उभ्या राहायच्या.

माणूस मी तोंडावरून ओळखत नाही, बैठकीवरून ओळखते. खोटं बोलणारा मांडी बदलतो, असं पंचही मानायचे. हुकमीचंद शेट मांडी बदलायचे नाहीत. मधोमध बसायचे आणि बैठक संपेपर्यंत हलायचे नाहीत. मिरचीचे मोठे व्यापारी, न्यातीचे मुख्य पंच. मी त्यांच्याच घरच्या माळ्यावर असायचे.

आमच्या आळीच्या मागे बाभळींचं एक पडीक रान होतं. बायांचं रान. पहाट फुटायच्या आत सगळ्या आळ्यांतल्या बाया लोटा घेऊन तिकडे जायच्या. शेटाणी हुलासबाई, किराणा दुकानवाल्या मांगीलालची बायको जडावबाई, विणकराची जन्नतबी, सगळ्या. पुरुषांनी त्या बाजूला फिरकायचं नाही, हा न लिहिलेला कायदा होता. छत्तीस साली हुकमीचंद शेटनी ते रान घेतलं, बाभळी तोडल्या, भिंत घातली आणि आत मिरची वाळत घातली. रान कागदोपत्री पडीक होतं, त्यामुळे कुणाला काही बोलता येईना. आणि बोलणार काय? ज्या कामाला बाया तिथे जात, त्याचं नाव पुरुषांसमोर कोण काढणार?

आता बायांना लांब नाल्यापर्यंत जावं लागे. श्रावणात मांगीलालच्या भावाची बायको कमलीबाई, सात महिन्यांची गरोदर, नाल्याच्या उतारावर घसरली. पोर गेलं, तिसऱ्या दिवशी तीही गेली. पुरुष म्हणाले, नशीब. बाया काहीच म्हणाल्या नाहीत, आणि मला तेव्हाच बरं वाटलं नव्हतं. गप्प बाई आणि गप्प नदी, दोन्हींचा ठाव लागत नाही.

बोलला एकटा रेवजी मास्तर. हा पेन्शनीतला शिक्षक, आमच्याच वॉर्डात राहायचा. बायकोनं, कालीबाईनं, सांगितल्यावर त्यानं सरळ अर्ज लिहिला: 'बायांची जागा बायांना परत द्यावी.' अर्ज बाजारात मोठ्यानं वाचला गेला आणि सगळा बाजार पोट धरून हसला. लाजेची गोष्ट हा गडी शाईनं लिहितो. महिनाभर पोरं त्याला लोटा दाखवत होती.

सदतीस साली कायदेमंडळाची निवडणूक आली. मतदारसंघ केवढा, तर तापीकाठापासून सातपुड्याच्या पायथ्यापर्यंत. एका बाजूला शेटांचे मेहुणे चांदमल, आणि दुसऱ्या बाजूला, लोकांच्या हसण्याला न जुमानता, रेवजी मास्तर. तेव्हा घरदार असलेल्या पुरुषाला मत होतं, आणि अर्ज केला तर त्याच्या बायकोलाही मिळायचं. शेट हिशेबी माणूस. न्यातीतल्या प्रत्येक बाईचा अर्ज त्यांनी स्वतः उभं राहून भरून घेतला, घर नावावर असलेल्या आपल्या म्हाताऱ्या आईचासुद्धा. घरटी एक मत होतं तिथे दोन झाली.

"बायास्ले फक्त नाव पाठ करी द्या," शेट पंचांना म्हणाले. "चांदमल. बस."

जन्नतबीचं मत मुसलमानांच्या वेगळ्या यादीत होतं, वेगळ्या पेटीत. ती हुलासबाईला म्हणाली, "मन्हा मत तठे चालत नही, बाई. तुमना चालस."

मतदान शाळेत झालं. घुंगट घेतलेल्या बायांसाठी आडोसा हवा होता आणि शेटनी मोठ्या मनानं मला काढून दिलं. मी दोरीवर टांगले गेले. लिहिता न येणाऱ्या बाईनं माझ्याआड यायचं, तिथे बसलेल्या नर्सबाईला हळूच नाव सांगायचं आणि तिनं कागदावर खूण करायची. पन्नास बाया आल्या. प्रत्येकीनं आधी माझी किनार मुठीत धरली. न्यातीची जाजम हातात असताना खोटं बोलता येत नाही, हे त्यांना लहानपणापासून ठाऊक होतं. सेहेचाळीस जणींनी नाव सांगितलं, "रेवजी मास्तर."

हुलासबाई सगळ्यांत जास्त वेळ उभी राहिली. नर्सबाईनं दोनदा विचारलं. हुलासबाईच्या तळव्याचा घाम माझ्या सुतात उतरला, आणि मग ती म्हणाली, "मास्तर."

पेट्या वॉर्डावार फोडल्या. चांदमल हजारोंनी निवडून आले. तळोद्याकडे चांदमल, तापीकाठी चांदमल, आमच्या गावातही एक नंबर, दोन नंबर, तीन नंबर वॉर्डात चांदमल. फक्त चार नंबरात मास्तर एकसष्ट, चांदमल चोपन्न. शेटांचा स्वतःचा वॉर्ड. दिव्याखाली अंधार म्हणतात तो हा. गुलाल उधळताना लोक एकमेकांना कोपर मारत होते, आणि शेटनी ते पाहिलं.

तिसऱ्या दिवशी दुपारी मला अंथरलं. न्यातीतले सगळे पुरुष बसले. एकेकानं माझ्यावर हात ठेवून शपथ घेतली की मत चांदमललाच दिलं. मी सांगते, एकही जण खोटं बोलला नाही. पण बायांची मतं आपलीच, ती मोजायची कशाला, हे सगळ्यांनी गृहीतच धरलं होतं. म्हणजे त्यांच्या हिशेबानं पुरुषांतच कुणीतरी फुटला. आणि तेवढ्यात मांगीलालनं मांडी बदलली.

"मांगीलाल," शेट म्हणाले, "मांडी काबर बदली?"

"गुडघा दुखस, शेट."

"मास्तरना ओटावर च्या पेताना नही दुखना?"

चहा त्यानं खरंच घेतला होता, कमलीबाईच्या दिवसांत मास्तर भेटायला आला होता, त्याची परतभेट म्हणून. पण मांगीलाल मुळात भित्रा. तो नुसता गुडघा चोळत राहिला आणि सगळ्यांना खात्री पटली.

"ऊठ," शेट म्हणाले. "आठ दिन देस. कबूल कर, आनि तुन्हासंगे आखो कोन कोन व्हतात ते सांग. नही ते कायमना उठना."

मांगीलालच्या मुलीचं, तीजाचं, लग्न अक्कलकुव्याला ठरलं होतं, पंधरा दिवसांवर आलं होतं. बाप जाजमेवरून उठला म्हणजे वरात येणार नाही, आणि एकदा लग्न मोडलेल्या मुलीला दुसरं स्थळ यायचं नाही. मांगीलाल उठला. मला ते सगळं कळत होतं आणि काही करता येत नव्हतं.

रिवाजाप्रमाणे जडावबाईनं मला नदीवर नेलं. मी शेटांच्या घरची म्हणून हुलासबाई बरोबर आली. दोघी बराच वेळ मला नुसत्या आपटत होत्या.

"मी सांगी टाकस," जडावबाई म्हणाली. "मन्हा मानुस खरं बोलना, तरी त्याले उठाडं."

"तू सांगशी ते हर मानुस आपली बायकोले इचारी," हुलासबाई म्हणाली. "पन्नास घरमा आग लागी. आनि मन्हा घरमा काय व्हई, तुले माहीत शे."

"मंग तीजानं काय करू?"

हुलासबाई वाकली. तिनं माझं एक टोक धरलं, जडावबाईनं दुसरं, आणि दोघींनी मला पिळलं. इतकं पिळलं की माझी मधली शिवण उसवली.

आठव्या दिवशी मी पुन्हा अंथरले गेले. मांगीलाल आला, शेटांसमोर बसला आणि म्हणाला, "कबूल शे. मास्तरले मत मीच दिधं."

माझ्यावर बोललं गेलेलं ते पहिलं खोटं. पोरीसाठी बोललं गेलं, आणि मी ते गिळलं.

"आनि बाकीना?" शेटनी विचारलं. "नावं सांग."

मांगीलाल इकडेतिकडे पाहू लागला. आता तो भीतीनं कुणाही निरपराध्याचं नाव घेणार, हे मला दिसत होतं. एवढ्यात दाराआडून जडावबाई बाहेर आली आणि थेट माझ्यावर येऊन उभी राहिली. हलके, अनवाणी पाय. सगळी बैठक मागे सरकली.

"हाऊ खोटं बोली ऱ्हायना," घुंगटातून ती म्हणाली. "मास्तरले मत यानी नही, मी दिधं."

लोकांनी शेटांशेजारी बसलेल्या चांदमलकडे पाहिलं. आणि मग चांदमल हसले. त्यांच्यामागे सगळी न्यात हसली.

"वा, भाभी! नवराले वाचाडाले केवढं मोठं खोटं! देखा रे, याले म्हनतस पतिव्रता."

कुणी डोळे पुसले. कुणी म्हणालं, अशा बाईच्या कुंकवाकडे पाहून माफ करा. खरं बोललेली बाई खोटी ठरली, आणि त्यामुळेच तिचा नवरा सुटला. मांगीलालला पुन्हा बसवलं, सरबत फिरलं, तीजाच्या लग्नाला सगळी न्यात जाणार असं ठरलं. मीही सुटकेचा श्वास टाकणार होते.

पण हुकमीचंद शेट हसले नव्हते. ते मान वळवून दाराकडे पाहत होते. तिथे हुलासबाई उभी होती. आणि इतक्या वर्षांत पहिल्यांदाच शेटनी मांडी बदलली.

सगळे गेल्यावर त्यांनी दार लोटलं.

"हुलास, आठे ये. बस."

"जाजमवर?"

"बस."

ती कडेला बसली.

"तू मत कोनले दिधं?"

तिला खोटं बोलता आलं असतं. मी तर म्हणत होते, बोल बाई, मी गिळीन. एक गिळलंच आहे.

"मास्तरले," ती म्हणाली. "पन बाकीनी नावं इचारू नका. घरथीनच सुरुवात करनी पडी. तुमनी माय मन्हा पुढेच उभी व्हती."

शेटनी हात उचलला नाही, आवाज चढवला नाही. आदळआपट झाली असती तर मी इतकी घाबरले नसते. त्यांनी उठून स्वतः माझी घडी घातली, चार कोपरे नीट जुळवून, आणि म्हणाले, "ठीक शे."

तेव्हापासून मी न्यातीत अंथरले गेले नाही. मिरचीच्या आवारात, त्या भिंतीआड, मी मिरच्यांखाली पसरलेली आहे. आणि मजूर असताना, घरात नोकर असताना, भर उन्हात मिरच्या उलथायला शेटाणी येते. लोकांना वाटतं, हुलासबाईनं काही व्रत धरलंय. तिचे डोळे तिखटानं कायमचे लाल झालेत. आळीतल्या बाकीच्या बाया नदीवर जाताना फाटकातून रोज तिला बघतात. हे आपल्याला का बघायला लावलंय, ते प्रत्येकीला कळतं.

सेहेचाळीस साली पुन्हा निवडणूक झाली. शाळेचा शिपाई मला मागायला आला, बायांच्या आडोशाला. शेट म्हणाले, "गरज नही. चार नंबरमा बायास्नी यादीच नही." या वेळी त्यांनी अर्ज भरले नव्हते आणि दुसऱ्या कुणाला भरू दिले नव्हते. चार नंबरचा वॉर्ड सगळ्या मतदारसंघासारखाच वागला. गावात पेढे वाटले.

आता अठ्ठेचाळीस साल चालू आहे. देश स्वतंत्र झाला, आणि अर्ज नको, घरदार नको, प्रत्येकाला मत, असं बाजारात बोलतात. घरोघर नावं लिहायला कारकून फिरतोय. बायांनो, मी विरले आहे, मला धुवायला येऊ नका, शिवायलाही नको. एवढंच करा. तो आला की आपलं नाव आपल्या तोंडानं सांगा. अमक्याची बायको म्हणू नका, तमक्याची आई म्हणू नका. नाव सांगा.

हे बघा, तो आत्ता शेटांच्या ओट्यावर आला आहे. भिंतीपलीकडून मला ऐकू येतंय.

"घरात बाया किती?"

"एक बी नही," हुकमीचंद शेट म्हणाले.

हुलासबाई माझ्यावर बसून मिरच्या उलथत होती. तिनं ते ऐकलं. हातातली मिरची तिनं खाली ठेवली, पदर झटकला आणि उठली. आवाराचं फाटक करकरलं. तिची पावलं ओट्याच्या दिशेनं गेली आणि तिथे थांबली. कारकून म्हणाला, "बाई, नाव?"