आईच्या फरशीवरची नावं

माझी आई फार प्रेमळ होती, असं रोह्यात कुणीही सांगेल, आणि ते खोटं नाही. दवाखान्यात आया म्हणून तिनं सत्तावीस वर्षं काढली. परक्यांची बाळंतपणं केली, बेवारस म्हाताऱ्यांचं हगणंमुतणं काढलं, आणि चर्चमधली उपासना एकाही रविवारी चुकवली नाही. फक्त पेणजवळच्या जोह्याला माझ्या घरी एकोणीस वर्षांत तिनं पाण्याचा घोट घेतला नाही.

कारण मी गणपती करणाऱ्यांच्या घरात गेले. गुणाजीशी लग्न ठरवलं तेव्हा आई म्हणाली, "जिथं मूर्ती घडते त्या घरात मी पाऊल टाकायची नाही." शब्दाची पक्की बाई! माझी हौसा झाली तेव्हा एसटीनं आली खरी, पण रस्त्यावरच उभी राहिली. ओली बाळंतीण मी, लेकीला घेऊन बाहेर गेले. कारखान्यात ओळीनं मांडलेल्या गणपतींकडे पाठ करून तिनं नातीच्या डोक्यावर हात ठेवला, प्रार्थना केली आणि परतीची गाडी धरली. त्या दिवशी मी रागानं रडले होते. तो राग अजून गेलेला नाही.

मी आखणी करते, म्हणजे मूर्तीचे डोळे रेखाटते. ते काम सगळ्यांत शेवटी होतं आणि भरवशाच्या हातालाच देतात. गंमत अशी, की हा हात आईनंच वळवला. नाताळात पुठ्ठ्यावर बायबलची वचनं रंगवायला ती मला मांडीवर घ्यायची, माझ्या मुठीवर तिची मूठ. "श्वास धरून रेघ ओढ, चंद्रे." आजही डोळा काढताना मी श्वास धरते.

गेल्या वैशाखात आई गेली. निरोप मिळून मी पोचले तेव्हा माती देऊन माणसं घरी परतली होती.

वर्ष भरत आलं आणि माझा धाकटा भाऊ कमळाकर रोह्याहून थेट आमच्या कारखान्याच्या दारात. पहिल्यांदाच. आत काही आला नाही.

"ताई, रविवारी आईचा स्मरणदिन आहे. कबरीवर कडाप्प्याची फरशी बसवलीय. नाव तू लिही. तुझ्यासारखा हात पेण-रोह्यात नाही."

मला काय वाटलं ते सांगायची लाज वाटते. वाटलं, आता तरी आपल्याला घरात घेतलं. गुणाजीही म्हणाला, "जा गो. आई तुझी हाय." मी पांढऱ्या ऑइल पेंटचा डबा घेतला, आणि सवयीनं माझी रोजची रंगपेटीही पिशवीत टाकली. सतरा वर्षांच्या हौसाला बरोबर घेतलं. आजीची कबर तिनं पाहिली नव्हती.

दफनभूमीत कमळाकरनं घडी घातलेला कागद हातात दिला. "यातलंच लिही. एक शब्द इकडंतिकडं नको."

वर होतं आईचं नाव, शांती. त्याखाली, विश्वासू सेविका, आई व आजी. त्याखाली, मुलगा कमळाकर. मग सून विमल, नातू दिनानाथ. संपलं.

"आणि मी? माझी हौसा?"

तो बुटांकडे बघत म्हणाला, "ताई, कागद आईच्याच हातचा आहे. तिच्या बायबलमध्ये होता."

अक्षर मी ओळखलं. का नाही ओळखणार? त्याच अक्षरावर मी शिकले होते. भावाशी भांडून काय उपयोग? मेलेल्या बाईशी भांडणार कसं?

आईच्या शेजारची धोंडुबाई फुलं ठेवायला आली होती. तिला माझी दया आली असावी. "रोज गुडघ्यावर बसून तुझ्यासाठी रडायची गो. तुझं नाव एक दिवस चुकलं नाय."

म्हणजे प्रार्थनेत माझं नाव रोज चालत होतं. फरशीवर चाललं नाही.

कमळाकर चहा आणायला गेला. मी फरशी पुसली आणि ऑइल पेंटमध्ये आईचं नाव लिहिलं. मन लावून लिहिलं, खोटं का बोलू? त्याखाली 'विश्वासू सेविका, आई व आजी'. तेही ऑइल पेंटमध्येच. मग ब्रश धुतला, डबा बंद केला आणि माझी रंगपेटी उघडली.

हौसा कारखान्यात वाढलेली. तिला कळायला वेळ लागला नाही.

"आये, हा तर आपला गणपतीचा रंग. पाण्यात विरघळतो. आषाढ बी काढायचा नाय."

"डिंक जास्त घाल. म्हणजे चमक सारखी दिसेल, आणि रविवारपर्यंत टिकेल."

तिनं डिंक कालवला. मी मुलगा लिहिला, सून लिहिली, नातू लिहिला. आई वरून बघत असेल तर बघू दे. या रंगाकडे पाठ करायची सवय तिला आहेच. पाऊस सरेल तेव्हा फरशीवर तिचं नाव उरेल आणि खाली 'आई व आजी'. कुणाची, ते लिहिलेलं नसेल.

कमळाकर चहा घेऊन आला, वाकून बघत राहिला. त्याचे डोळे भरले.

"वा ताई! सगळं कसं एकसारखं आलंय."

"थांब," मी म्हटलं, आणि श्वास धरून त्याच्या नावावरची राहिलेली रेघ ओढली.