निळा वर

रोनान तालेक महापौर झाला आणि पहिल्याच शनिवारी नगरभवनात लग्न लावायला उभा राहिला, तेव्हा त्याने तिरंगी पट्टा उलटा घातला होता. आमच्या फ्रान्समध्ये महापौराच्या पट्ट्यात निळा रंग गळ्याकडे असतो, खासदाराच्या पट्ट्यात तांबडा. रोनानचा तांबडा वर होता. वधूची आजी फिलोमेन मासळीबाजारात बसणारी, तिचा आवाजही तसाच. ती भर सभागृहात ओरडली, "काय रे पोरा, आठवड्यातच कंटाळलास? पॅरिसला निघालास होय?"

सगळे हसले. तोही हसला, पण कानापर्यंत लाल झाला. लहानपणी फळ्यापुढे चुकला की असाच व्हायचा. मी त्याची शिक्षिका, मला ठाऊक आहे.

तो लिलावात मासळीच्या पेट्या उचलणाऱ्याचा मुलगा. महापौर झाल्यावरही पहाटे धक्क्यावर जाऊन लोकांच्या शिव्या ऐकायचा आणि मग कचेरीत बसायचा. त्याने बाजारावर छप्पर घातलं, म्हाताऱ्यांसाठी बस सुरू केली. वीस-पंचवीस वर्षं पुन्हा पुन्हा निवडून आला. मग एका वादळात समुद्र खालच्या वस्तीत शिरला आणि शाळा बुडाली. गुडघाभर चिखलात उभा राहून तो मुलांना म्हणाला, "नवी शाळा टेकडीवर बांधू. पहिली घंटा तुम्ही वाजवायची."

भिंती उभ्या राहत होत्या, तेवढ्यात पक्षाने त्याला खासदारकीची उमेदवारी देऊ केली. आमच्याकडे दोन्ही खुर्च्या एकाला ठेवता येत नाहीत.

रविवारी तो माझ्या स्वयंपाकघरात येऊन बसला. मी कुट्टूच्या पिठाची धिरडी घालत होते.

"बाई, काय करू?"

"आधी खा."

"तुम्ही कधी उत्तर सांगतच नाही."

"सांगितलं असतं तर तुला गणित आलं असतं?"

तो हसला. मग हळूच म्हणाला, "तिथे गेलो तर शंभर शाळांसाठी भांडता येईल."

"येईल की."

"आणि इथली?"

"इथली कुणीतरी पुरी करेल," मी म्हणाले. मला तो इथेच हवा होता. संध्याकाळी माझ्याकडे अभ्यासाला येणारी मुलं रोज घंटेची चौकशी करत होती. पण उत्तर त्याचं त्यालाच शोधायचं होतं. मी दुसरं धिरडं उलटलं.

पुढच्या शनिवारी लग्न होतं ते त्याच पहिल्या वधूच्या मुलीचं. फिलोमेन आता चाकाच्या खुर्चीत, पहिल्या रांगेत. रोनान आत आला. पट्ट्याचा तांबडा रंग वर होता.

उमेदवारीची बातमी गावभर झाली होती. म्हणजे हा पॅरिसला निघालाच, मला वाटलं.

"मी मेल्याशिवाय हा पट्टा घालायला शिकायचा नाही!" फिलोमेन कडाडली.

रोनानने खाली पाहिलं, चक्क दचकला. रात्रभर झोपला नसावा. पट्टा काढून तो थेट माझ्यापाशी आला.

"बाई, या वेळी तुम्ही नीट घालून द्या ना."

"कुठला रंग वर?" मी विचारलं. सवयच ती. पण सगळे कान देऊन ऐकत होते, हे मला कळत होतं.



"निळा," तो म्हणाला. "अजून घंटा टांगायचीय."

मागून कुणीतरी टाळी वाजवली. वधू म्हणाली, "महापौर, आता आमचं लग्न लावता का?"

आभार कसे मानायचे हे मी जन्मभर मुलांना शिकवलं. त्या दिवशी मात्र मी निळा रंग वर ठेवून त्याला पट्टा घातला, आणि त्याची कॉलर सरळ केली.