सगळं छायाताईंच्या नावावर

एक बारीकसं वर्तुळ, जांभळ्या रंगाचं, आणि त्याच्या पोटात ‘छा’… मुगाच्या डाळीएवढं असेल लॅपटॉपवर, आणि ते एकच असतं तर छायानं हातातला चहा निवांत संपवला असता. पण त्याच्या खाली दुसरं होतं. त्याच्या खाली तिसरं. तिनं बोट सरकवलं तशी ती खालून वर येतच राहिली, छा, छा, छा… झऱ्यावरची टाकी — छा. खालच्या पाड्याची पाइपलाइन — छा. गाळणीची वाळू धुणं — छा. अगं बाई! म्हणजे सिमेंटच्या गोणी वाहणारीही आपण आणि वाळू धुणारीही आपणच? आणि प्रत्येक वर्तुळाशेजारी तांबडा ठिपका, म्हणजे मुदत टळलेली. शहापूरच्या ऑफिसात खुर्ची गरम करत बसलेल्या एकट्या छायानं डोळखांबच्या डोंगरातली सगळी कामं लांबवली आहेत, असं ते सॉफ्टवेअर सांगत होतं. आणि सॉफ्टवेअर खोटं बोलत नाही, असं दिवाळीपासून तीच तर सगळ्यांना सांगत फिरत होती.

तिला आधी हसू आलं. मग देवरामदादांचा सणसणीत राग आला. पाड्यापाड्यांवर पाण्याच्या छोट्या योजना करणारी ही संस्था, आणि तिची डोळखांबची टीम म्हणजे तिघं — देवराम, बुधू आणि राही. तिघांना इथं याच टेबलाशी बसवून छायानं शिकवलं होतं. हे बघा, एक काम म्हणजे एक कार्ड. कार्डावर ज्यानं ते करायचं त्याचं नाव. नाव टाकल्याशिवाय कार्ड पुढं सरकणारच नाही… तेव्हा तिघं कशी मान हलवत होती! राहीनं तर हसत फोटोसुद्धा काढला होता स्क्रीनचा. आणि आता हे. आज चार वाजता ठाण्याच्या मुख्य ऑफिसातून हेमंत सर हाच कामांचा बोर्ड उघडणार होते. डोळखांब आणि मुरबाड मिळून एप्रिलपासून एकच टीम ठेवायची होती, माणसं कमी करायची होती. “ज्याच्या नावावर कामच दिसत नाही, त्याचा पगार मी देणगीदाराकडं कसा मागू, छाया?” असं सर म्हणाले होते, तेही न चिडता, म्हणून ते जास्त लागलं होतं. मुरबाडचा बोर्ड हिरवागार होता. डोळखांबच्या बोर्डावर देवरामच्या नावापुढं काही नव्हतं, राहीच्या पुढं काही नव्हतं, बुधूच्या पुढंही काही नव्हतं. माणसं नोकरीवरून जातात ती अशी — न भांडता, रिकामी दिसून.

तिनं फोन लावला. झालं! सगळे रेंजच्या बाहेर. तिनं स्कूटर काढली.

सापगाव मागं पडलं, तिचं माहेर, पण आज त्या वळणाकडं मान वळवायलाही तिला सवड नव्हती. भात कापून खाचरं उघडी पडली होती, घराघरांवर कुलपं होती, माणसं वीटभट्ट्यांवर गेलेली. ती मनातल्या मनात देवरामदादांशी भांडत चालली होती. तुम्हाला वाटतं मी हौसेनं ही ब्याद तुमच्या गळ्यात घातली? मला काय हौस आली होती, दादा… पण गेल्या उन्हाळ्यातली ती मोटर आठवते ना? मुरबाडकडच्या एका पाड्याची मोटर दुरुस्त होऊन दुकानात धूळ खात पडली होती. आणायची कुणी? याला वाटलं तो आणेल, त्याला वाटलं ऑफिसची गाडी जाईल, गाडीवाल्याला कुणी सांगितलंच नाही… आणि तितके दिवस पाड्यावरच्या बायका हंडे घेऊन नाल्यातल्या डबक्यावर जात राहिल्या, त्यांची पोरं जुलाबानं हैराण झाली. कुणीच कामचुकार नव्हतं, त्यामुळं संतापायचं तरी कुणावर तेही कळेना. तेव्हा छायाच्या मनानं घेतलं होतं, की कामाच्या पुढं नाव हवंच. एक नाव. त्यात अपमान कसला आलाय? आणि हा विचार आजही तिला खोटा वाटत नव्हता. घाट चढताना तो उलट आणखी खरा वाटत होता, म्हणूनच ती जास्त चिडत होती.

टाकी झाडीतून एकदम समोर आली. ताजं प्लास्टर, त्यावर ओली पोती. छान बांधली होती, नाकारण्यात अर्थ नव्हता. बाजूला पाइप जोडायचं चाललं होतं. बुधू पाना घेऊन उकिडवा बसला होता, राही त्याच्या शेजारी, देवराम वर टाकीच्या काठावर.

“आल्या, आल्या!” देवराम उतरत म्हणाले. “ताई, कळवायचं तरी. भाकर जास्तीची आणली असती.”

“भाकर राहू दे, दादा. आधी हे सांगा, माझं नाव कुणी टाकलं सगळ्यावर?”

तिघं पाइपांकडं बघायला लागली. मग राही म्हणाली, “आमीच टाकलं, ताई. सगल्यांनी मिलून.”

“का पण?”

“तुमी मोठ्या ना,” बुधू खाली बघत म्हणाला.

छायानं कपाळाला हात लावला. फोन काढला, मांडी घालून तिथंच दगडावर बसली आणि एकेक काम विचारायला लागली. टाकीचं प्लास्टर कुणी केलं? “आमी.” वाळू? “आमीच.” आणि ही पाइपलाइन? कधीच संपायला हवी होती, ही कुणाकडं होती?

“बुधूदादाकडं,” राही पटकन म्हणाली. “त्यानीच केली सगली.”

आणि हे म्हणता म्हणता तिनं बुधूच्या हातातला पाना घेतला, जोड आवळला, चांगला अंगाचा जोर लावून, आणि पाना परत बुधूच्या हातात ठेवला. छायाकडं बघतच हे सगळं केलं तिनं, हाताखाली लक्षही न देता, रोजची सवय असावी तसं. बुधूनं पाना धरला. तो डाव्या हातानं धरला… उजवा मांडीवर तसाच पडून होता, आणि छायाला एकदम वाटलं की आल्यापासून तो हात आपण हललेला पाहिलाच नाही.

तिनं यादी बंद केली आणि उठली. “रेंज कुठं मिळते इथं, दादा?”

देवराम तिला रेंज मिळायच्या खडकापर्यंत पोचवायला आले.

“पावसात झाडावरनं पडला तो,” वाटेत देवराम म्हणाले. “हात वर जात नाय. होईल बरा, टाइम लागंल. तवर आमी दोघं उरकतो त्याचं.”

“मला का नाही सांगितलं?”

“तुमाला सांगितलं म्हंजे ठाण्याला सांगितलं. आनि ताई, त्याला सवताला वाटतं का तोच करतोय. म्हंजे… वाटू देतो आमी.” ते थांबले. “ते कार्ड नावाबिगर पुढं जाईना. राहीचं टाकावं तर बुधूला दिसनार का त्याचं काम राहीनी केलं. बुधूचं टाकावं तर उशीर त्याच्या अंगावर. मंग लग्नाच्या पत्रिकेत नाय टाकत मोठ्या मानसाचं नाव वरती? तो काय मांडव घालाया येतो? पन नाव असलं म्हंजे कोन बोलत नाय. तुमाला कोन बोलनार होतं?”

“मला नाही बोलणार, दादा. पण तुमच्या तिघांच्या नावावर काहीच दिसत नाही. तुम्ही बसून खाता असं दिसतं. सर त्यावरूनच ठरवणार आहेत, एप्रिलला कोण राहणार ते.”

देवरामांचा चेहरा एकदम उतरला. त्यांनी टोपी काढून परत घातली. “अरं देवा… हे नाय आलं ध्यानात. मंग घाला आमची नावं. पन बुधूचं काय करनार?”

“बघते,” ती म्हणाली. ते खाली उतरून गेले.

खडकावर फोनला रेंजच्या दोन काड्या आल्या. तिनं बोर्ड उघडला. वाटू देतो आमी… हे शब्द काही केल्या डोक्यातून जाईनात. तिला सापगावची भातलावणी आठवली, चिखलात वाकलेल्या बायकांची रांग, आणि त्या रांगेत पहिल्यांदा उभी राहिलेली परकरातली छाया — डावीकडं आई, उजवीकडं यमूमावशी. किती ताठ्यात असायची ती, की मोठ्या बायकांच्या बरोबरीनं आपणही बांधाशी पोचतो! शाळेत सांगितलं होतं तिनं, मैत्रिणींना चिडवलं होतं. आणि मग लग्न झाल्यावर कधीतरी, तांदूळ निवडताना, आई सहज हसत म्हणाली होती, “तू गो कसली हळू! मी अन् यमू आजूबाजूनी तुझी अर्धी जागा लावून टाकायचो.” तेव्हा छायाही हसली होती. आत्ता तिला हसू येईना. मला कुणी कळू दिलं नाही. त्या सबंध रांगेत एकीनंही कळू दिलं नाही, नाहीतर दुसऱ्या वर्षी मी उतरलेच नसते खाचरात… आणि मोटर? मोटर धूळ खात पडली होती तीही अशाच, कामावर नाव न टाकणाऱ्या माणसांत. दोन्ही खरं. दोन्ही एकाच वेळी खरं कसं असतं, हे ज्यानं ते सॉफ्टवेअर बनवलं त्याला एकदा विचारायला हवं होतं.

तिनं नावं घालायला सुरुवात केली. टाकी — देवराम. प्लास्टर — देवराम. वाळू — राही. झाल्याची खूण केली तसे तांबडे ठिपके गेले, वर्तुळं बदलत गेली, ‘दे’, ‘रा’, आणि आपलं नाव पुसलं जाताना तिला हलकं वाटण्याऐवजी थोडं एकटं वाटलं. शेवटी पाइपलाइन उरली. तिनं बोट ठेवलं, नावांची यादी उघडली. बुधूचं घालावं तर त्याच्या नावावर हे एकच काम आणि तेही तांबडं. राहीचं घालावं तर बुधू कोराच. यादी तशीच उघडी राहिली.

फोन वाजला. हेमंत सर.

“वा, छाया! चारपर्यंत थांबवलं नाही, आत्ताच बघतोय मी, भराभर बदलतंय. एकच राहिलंय ना ते पाइपलाइनचं? टाक कुणाचंही, बोर्ड पुरा होऊ दे.”

“कुणाचंही कसं टाकू, सर?”

ते इतकं तिखट निघालं की तिचं तिलाच दचकायला झालं. सरांशी ती असं कधी बोलली नव्हती.

“काय झालं? काही प्रॉब्लेम आहे का तिथं?”

खालून राहीचा आवाज आला, बुधूला कसल्यातरी गोष्टीवरून चिडवत होती, आणि बुधू मोठ्यानं हसला.

“चारला बोलते, सर,” छाया म्हणाली. “इथूनच बोलते.”

तिनं फोन ठेवला. चारला काय बोलायचं हे तिला अजून ठाऊक नव्हतं. सांगावं तर त्या दोघांनी इतके महिने जपलेलं आपण एका वाक्यात उधळणार, आणि न सांगावं तर एप्रिलला पहिला बुधूच जाणार. तिला भीती वाटत होती. परीक्षेच्या आधी वाटायची तशीच, आणि सरांच्या प्रत्येक मीटिंगच्या आधी वाटायची तशीच. फक्त आज ती स्वतःसाठी नव्हती, बुधूसाठी होती, आणि असं दुसऱ्यासाठी घाबरायची तिला सवयच नव्हती.