बॉक्स फिजिकल आहे

गुरुदासने खोका उलटा करून दोनदा हलवला. आतून पत्त्याएवढा एक कागद टेबलावर पडला. कागदावर आकड्या-अक्षरांची एक लांबलचक ओळ छापलेली होती. सीडी नव्हती.

“दुसरो फोडून बघा,” धनेश म्हणाला.

दुसऱ्यातही कागदच निघाला. उरलेले चार गुरुदासने फोडलेच नाहीत.

देवगडच्या एसटी स्टँडजवळ त्याचं कॉम्प्युटरचं दुकान होतं, वीस वर्षांचं. एके काळी त्याची एक अख्खी भिंत गेमच्या सीड्यांनी भरलेली असे. सगळ्यात पक्की गिऱ्हाइकं म्हणजे जहाजावर नोकरीला जाणारी पोरं. निघायच्या आधी येत, तासभर भांडून दोन-चार गेम निवडत आणि नऊ महिन्यांची बेगमी करून जात. मग सगळं नेटवर गेलं, लॅपटॉपमधला सीडी घालायचा खणही गेला. त्या भिंतीवर सीसीटीव्हीचे कॅमेरे लागले आणि गुरुदास आधार कार्डांच्या झेरॉक्स काढू लागला.

धनेश तेलवाहू जहाजाच्या इंजिन रूममध्ये होता. मागच्या खेपेला त्याने नेटवरून रीतसर विकत घेतलेला गेम महिन्याभरात बंद पडला होता. “उघडूक गेलंय की तो म्हणता, आधी नेट जोड,” त्याने आल्या आल्या सांगितलं होतं. “भर समुद्रात ह्या गेमापुरता नेट खंयसून हाडू, काका?” ड्यूटी संपली की चौघेजण एका केबिनमध्ये जमत. तेवढाच एक तास त्यांचा स्वतःचा. तोही गेला होता.

म्हणूनच एका कंपनीने आपला नवा गेम पुन्हा खोक्यातून विकणार असल्याचं जाहीर केलं, तेव्हा गुरुदासने ती बातमी तीनदा वाचली. सहा खोके मागवले. भिंतीवरचे कॅमेरे काढून एक फळी मोकळी केली आणि धनेशला शब्द दिला, जायच्या आधी तुझ्या हातात सीडी ठेवीन.

आता त्याने कंपनीचा नंबर फिरवला आणि शुद्ध मराठीत विचारलं, की खोक्यात सीडी का नाही? पलीकडची मुलगी नम्र होती. म्हणाली, “सर, बॉक्स फिजिकल आहे. गेम डाउनलोडच करायचा असतो.”

“मग बॉक्स कशाला?”

तिने त्याची तक्रार नोंदवून घेतली.

धनेशला निघायला चार दिवस होते. गुरुदासने त्याचा लॅपटॉप ठेवून घेतला आणि डाउनलोड लावलं. ऐंशी जीबी. पहिल्या दिवशी लाईट गेली. दुसऱ्या दिवशी रस्ता खणणाऱ्यांनी केबल तोडली. सुगंधा, त्याची बायको, जेवणाचा डबा घेऊन आली, तर तो तिच्यावरच खेकसला. ती डबा ठेवून गेली, आणि तो अर्धा तास पडद्यावरच्या त्या हलत नसलेल्या आकड्याकडे बघत बसला. तिसऱ्या दिवशी दुपारी गेम एकदाचा उतरला. गुरुदासने नेटची वायर काढली आणि पुन्हा उघडून बघितला. उघडला. पण खाली बारीक अक्षरांत लिहिलं होतं: दर पंधरा दिवसांनी नेटवर खात्री करून घेणं आवश्यक.

त्याने लॅपटॉप मिटला.

“ऱ्हवांदे काका,” धनेश म्हणाला. “तुमी काय कमी धडपडलात?”

हे समजूत घालणंच गुरुदासला जास्त लागलं. तो घरी गेला आणि माळ्यावरची लोखंडी पेटी खाली काढली. दुकानात न विकलेल्या सीड्या तिच्यात होत्या, दोनशेच्या वर. देवगडच्या दमट हवेने बहुतेकांवर बुरशीची जाळी धरली होती. तो पडवीत बसून एकेक पुसू लागला. थोड्या वेळाने सुगंधाही फडकं घेऊन समोर बसली. पुसलेल्या सीड्या त्याने दुकानात नेऊन लावून बघितल्या. संध्याकाळपर्यंत एकच चालली. मोटारींच्या शर्यतीचा जुनाट गेम होता, चौघांनी मिळून खेळायचा, सीडी आत असेल तरच चालणारा. दुकानातल्या कॉम्प्युटरला बाहेरून जोडायचा सीडीचा ड्राइव्ह होता, तोही त्याने काढला आणि दोन्ही धनेशच्या हातात ठेवलं.

“ह्येका कोणाक विचारूचा लागना नाय,” तो म्हणाला.

अडीच महिन्यांनी कुठल्याशा बंदरातून धनेशचा फोन आला. रोज खेळतात, म्हणाला. स्वयंपाकी तर कोणाला जिंकूच देत नाही. मग म्हणाला, “काका, सीडीक चरो पडलो. सहाव्या शर्यतीत अडाकता. दुसरी आसा काय?”

दुसरी नव्हती. तो गेम बनवणारी कंपनी बंद होऊन दहा वर्षं झाली होती, हेही गुरुदासला ठाऊक होतं.

“बघतंय,” तो म्हणाला.

फोन ठेवून त्याने दुकानाचं शटर अर्धं ओढलं आणि भर दुपारी घरी गेला. पेटी उघडली. बुरशीने खाल्लेल्यांतली एक उचलली, उजेडाकडे धरली आणि मधल्या भोकापासून कडेकडे, हलक्या हाताने पुसायला लागला.