बीव्हरला मारलेली थाप

बाहेर हाडं गोठवणारी थंडी होती, त्यामुळे मधल्या सुट्टीत मैदानावर जायला बंदी. पाचवीच्या वर्गात नुसता कालवा चालला होता आणि वर्गशिक्षिका कॉलीन बोडनर एका जागी ठरत नव्हती. खिडकीपाशी जा, टेबलाशी ये, फोन उचल, परत ठेव. हातात पुस्तक होतं, पण ते फक्त हातातच होतं.

समोरच्या पडद्यावर शाळेच्या वाचनाच्या ॲपमधला कार्टून बीव्हर, म्हणजे तो नदीवर लाकडांचे बंधारे बांधणारा प्राणी, ओंडके रचत बसला होता. मुलं टॅबवर वाचत, बीव्हर त्यांची पानं मोजी आणि वर्गाच्या बंधाऱ्यावर एकेक ओंडका चढवी. कुणी भराभर पानं उलटली की तो मान वाकडी करून बघे आणि कॉलीनच्या टॅबवर त्या मुलाचं नाव पिवळं होई. मग कॉलीन शेजारी खुर्ची ओढून म्हणे, "पान फार लवकर उलटलंस राजा. मागे ये." हे वाक्य ती झोपेतही म्हणाली असती.

यंदा मुख्याध्यापक हाउगन यांनी नवी टूम काढली. शिक्षक वाचतील तर पोरं वाचतील, म्हणून शिक्षकांनीही आपापली पुस्तकं ॲपवर टाकायची. त्यांची पानं बीव्हर मोजत नसे, सांगतील ते खरं धरी. कल्पना वाईट नव्हती. फक्त कॉलीनला वाचता येत नव्हतं. अक्षरओळख होती हो, पगारच त्याचा होता. पण दोन परिच्छेद झाले की मन उठून चालायला लागायचं. गॅस बंद केला का, इंजिन गोठू नये म्हणून गाडीच्या हीटरचा प्लग लावला का, कुणाचा मेसेज आला का. लहानपणी ती ताटाशीसुद्धा पुस्तक घेऊन बसायची आणि आईची बोलणी खायची. ते कधी सुटलं हे तिलाच कळलं नाही, आणि त्याची तिला इतकी लाज वाटायची की नवऱ्यालाही ती कधी बोलली नव्हती.

मग तिने थाप मारली. 'बर्फावरची घोडी' नावाच्या पुस्तकाच्या पाठीवरचा मजकूर वाचला, पाच तारे दिले, 'कसं वाटलं?' पुढच्या रडक्या चेहऱ्यावर बोट ठेवलं आणि खाली लिहिलं, 'शेवटी ढसाढसा रडले.' हाउगनसाहेबांनी स्टाफरूममध्ये सगळ्यांदेखत शाबासकी दिली.

पण बीव्हर पडला भोळा. त्याने ते पुस्तक नेमकं जोली पेनरला सुचवलं. 'तुझ्या बाईंना हे फार आवडलं! शेवटी ढसाढसा रडल्या!'

जोलीचं नाव कायमचंच पिवळं. आजवर तिने एकही पुस्तक तडीस नेलं नव्हतं. वाचायला बसवलं की पोरीला हटकून शू लागायची. तीच जोली आता कित्येक दिवस टॅबमध्ये तोंड खुपसून बसलेली. शेजारच्या डेक्लनने "ए पेनर, जिवंत आहेस ना?" म्हणून डिवचलं, तर त्याच्या पायावर पाय देऊन पुन्हा वाचायला लागली. कॉलीनला आनंद व्हायला हवा होता. तिला झाली धास्ती. ही आता येणार आणि काहीतरी विचारणार. आपण उघडे पडलो तर ही पोरगी पुस्तक मिटेल ते कायमचंच.

म्हणून तर तिने तेच पुस्तक वाचनालयातून आणलं होतं. रोज घरी उघडायची आणि ठेवायची. घोडी अजून तबेल्यातच होती.

"मिस."

जोली समोर उभी होती.

"संपलं?" कॉलीनने उसनं हसू आणलं.

"हो. शेवट तर तीनदा वाचला. पण बीव्हर म्हणतो, परत वाचलेलं धरत नाही. कंजूस मेला."

"जाऊ दे गं त्याला. छान झालं! आणि शेवट म्हणजे... ती घोडी म्हणजे अगदी..." कॉलीन चाचपडली.

जोलीचं तिकडे लक्षच नव्हतं. ती स्वेटरच्या बाहीचं टोक चावत होती. "मिस, एक सांगू? ओरडणार नाही ना?"

"सांग की."

"मी खोटं बोलले. ॲपवर रडका चेहरा दाबला. पण मला रडू आलंच नाही. तुम्ही ढसाढसा रडलात ना, म्हणून मी परत परत वाचलं, तरी नाही आलं. मला नुसता राग आला. त्या मुलीने घोडीला सोडायलाच नको होतं. माझं काही चुकतंय का, मिस? मला अजून नीट वाचता येत नाही का?"

'प्रत्येकाला वेगवेगळं वाटतं, बाळा' हे वाक्य कॉलीनच्या जिभेवर तयार होतं. तेवढं म्हटलं की सुटका. पोरगी खुशीत गेली असती आणि थापही झाकली गेली असती. पण ही पोर आयुष्यातलं पहिलं पुस्तक पुरं करून खोट्याची कबुली द्यायला आली होती, आणि ते खोटं मुळात कॉलीनचं होतं.

"तुझं काही चुकलेलं नाही, जोली. मी ते पुस्तक वाचलंच नाही."

"अं?"

"नुसतं पाठीवरचं वाचलं. रडलेबिडले नाही. थाप मारली."

जोलीचे कान लालबुंद झाले. "म्हणजे मी उगाच रडायचा प्रयत्न करत बसले?"

"हो."

"डोळे चोळले मी! आईला वाटलं मला सर्दी झाली. मला औषध पाजलं तिने!"

"चुकलं माझं. खरंच चुकलं."

"आणि आम्हाला तुम्ही..." तिने कॉलीनच्या हातातलं पुस्तक पाहिलं. खुणेची फीत पहिल्या काही पानांतच अडकलेली होती. "का नाही वाचलंत?"

"बसवत नाही गं. दोन ओळी झाल्या की डोकं भलतीकडे पळतं."

"माझंपण पळतं," जोली म्हणाली. "तबेला आहे ना, तिथपर्यंत बोअरच आहे. पुढे तळं येतं." तिने हीटरजवळची खुर्ची सरकवली. "बसा."

"आत्ता?"

"मग कधी? बाहेर तर सोडत नाहीत."

कॉलीन बसली. जोलीनेही शेजारी खुर्ची ओढली आणि पुस्तकाकडे न बघता बाईंच्या डोळ्यांकडे बघत बसली. मुलांचा गलका चालूच होता. टेबलावर फोन थरथरला, कॉलीनचा हात उठला, पण त्याआधी जोलीने फोन उचलून आपल्या खिशात घातला. कॉलीनने एक ओळ वाचली, दुसरी वाचली, तिला गाडीचा प्लग आठवला, तिने पान उलटलं.

"पान फार लवकर उलटलंत, मिस," जोली म्हणाली. "मागे या."

कॉलीन मागे आली.