उरलेल्या भाकरीची बुट्टी

मी एक जुनी बुट्टी आहे, मित्रांनो. बुट्टी म्हणजे भाकरी ठेवायची बांबूची टोपली. तुमच्याकडे तिला दुरडी म्हणत असतील. म्हणा बापडे, मला आता नावाचा सोस उरलेला नाही. माझा काठ उसवला आहे, बुडाला सुतळीचं ठिगळ आहे आणि मधली एक कामटी केव्हाच मोडली आहे. खरं सांगू? मी दमले आहे. जन्मभर भरलेलं राहायचं, याचाही शीण येतो. तुम्ही जरा शांत बसा, म्हणजे मला फार मोठ्याने बोलावं लागणार नाही.

मला ईरण्णा बुरुडाने विणलं. ओला बांबू चिरून, कामट्या तासून, तो बाजाराच्या कडेला लिंबाखाली बसून काम करायचा. एके दिवशी मुडबी गावची सिद्धव्वा तिथे आली. बाई खमकी. ईरण्णाने लहानशी बुट्टी पुढे केली तशी ती फणकारली, "एवढीशी बुट्टी घिऊन काय बाहुलीचं लगीन लावू? आमच्या घरात एका पंगतीलाच पुरायची न्हाई ही. मोठी काढ." मोठी म्हणजे मी. तिने मला डोक्यावर घेतलं, घरी आणलं, मेथीच्या पिठात कागदाचा लगदा कालवून आतून-बाहेरून लेप दिला आणि उन्हात वाळवलं. तेव्हा मी काय दिसत होते म्हणून सांगू! आता माझ्याकडे बघून पटणार नाही तुम्हाला.

घर भरलेलं होतं. सिद्धव्वाचे मुलगे, सुना, नातवंडं, सालगडी, शिवाय गोठ्यात म्हशी. थोरली सून नागम्मा नवी नवी आली होती. ती पहाटे चुलीपुढे बसायची आणि तिच्या हाताखालून ज्वारीची भाकर अशी गरगर फिरत मोठी व्हायची की बघत राहावं. भाकर तव्यावरून निघाली की माझ्यात. गल्लीतल्या बाया म्हणायच्या, "नागम्माची भाकर आन सिद्धव्वाची बुट्टी, मुडबीत जोड न्हाई." मला काय, गुदगुल्या व्हायच्या.

सिद्धव्वाने त्या घराला काही नेम घालून दिले होते. अन्न म्हणजे प्रसाद, तो टाकायचा नाही. दारी आलेला माणूस जेवल्याशिवाय जाऊ द्यायचा नाही, म्हणून भाकरी नेहमी चार जास्तीच्या टाकायच्या. आणि रात्री बुट्टी रिकामी ठेवायची नाही. एक तरी भाकर तिच्यात राहिली पाहिजे. नेम चांगलेच होते, मित्रांनो. मी त्यांना नावं ठेवत नाही. उरलं तर सकाळी सालगडी न्याहारी करायचा, नाहीतर म्हशीच्या पुढे जायचं. कुणाचं काही बिघडत नव्हतं.

मग दिवस पालटले. सिद्धव्वा गेली. दीर वेगळे झाले. नागम्माची लेक खजुरी गावात दिली, धाकटा मुलगा हैदराबादेत नोकरीला लागला. सालगडी राहिले नाहीत, म्हशीही विकल्या. घरात उरली नागम्मा, तिचे मालक बसवंतप्पा, थोरला मुलगा शिवशरण, त्याची बायको चैत्रा आणि त्यांची लेक सौम्या. एवढीच माणसं. पण नागम्माचा हात पिठाच्या डब्यात जायचा तो जुन्या मापानेच. मी अर्धी दिसले की तिचा जीव कासावीस व्हायचा. "बुट्टी कशी भकास दिसायली," असं म्हणून ती आणखी पीठ मळायला घ्यायची.

मध्ये शिवशरणने एक चकचकीत हॉटबॉक्स आणला आणि मला माळ्यावर टाकलं. कोळ्यांनी माझ्यात संसार थाटला. पण हॉटबॉक्समध्ये भाकरीला घाम सुटायचा, ती लिबलिबीत व्हायची. बसवंतप्पांनी एक घास घेतला आणि म्हणाले, "ही भाकर हाय का ओला टॉवेल?" झालं, मला पुन्हा खाली आणलं. आनंद झाला का? थोडा झाला. पण माळ्यावर निवांत होतं हो.

आता खरी गोष्ट ऐका. नागम्माचं अंग सुटत गेलं होतं. उठताना भिंतीला हात लावावा लागे. पुढे साखरेचा आजार निघाला. उजव्या पायाच्या बोटाला चप्पल चावल्याचं निमित्त झालं, ती जखम चिघळली आणि बोट काढावं लागलं. घरभर रडारड झाली. तेवढ्यावर थांबलं असतं तरी चाललं असतं. पण पायाची जखम काही भरेना. तालुक्याच्या डॉक्टर प्रेरणाबाईंनी स्वच्छ सांगितलं की साखर उतरली नाही, वजन कमी झालं नाही, तर पाय वाचवणं अवघड आहे.

दवाखान्यातून आल्यावर चैत्राने ते सगळं स्वयंपाकघरात समजावून सांगितलं, म्हणून मला कळलं. "आत्याबाई, निम्मं ताट भाजीचं पायजे. मेथी, शेपू, पुंडी, काई बी. पाव ताट दाळ न्हाईतर उसळ. आन उरलेल्या पाव ताटात भाकर. ज्वारी चांगलीच हाय म्हणाल्या, पर चांगली हाय म्हणून ढीगभर न्हाई खायची. शेंगाची चटणी चमचाभर, तेल वरून वतायचं न्हाई. गोळ्या आन जेवण टायमावर. पाय बरा झाला की जेवल्यावर अंगणात फेऱ्या मारायच्या."

नागम्माने निमूटपणे मान हलवली. त्या दिवसापासून तिच्या ताटात भाकरीचा चतकोर आणि भाजीचा डोंगर दिसू लागला. साखरेचा चहा सुटला. सणाला पुरणाला हात लावला नाही. आणि तरी पुढच्या तपासणीत साखर जशीच्या तशी! वजन तर उलट वाढलं होतं.

शिवशरण भडकला. बायकोकडे बघून म्हणाला, "अव्वा ताटात चिमणीएवढं खाती. मग साखर उतरंना कामून? तू गोडधोड देतीस का तिला गुपचूप?"

"मी कामून दीन?" चैत्राचा आवाज चिरकला. "तुमच्या अव्वाचा पाय मला जड झालाय का?"

नागम्मा मध्ये पडली. "तिला कामून बोलायलास रे? तिनं काई केलं न्हाई. देवाशपथ, मी काई खातच न्हाई. माझं नशीबच फुटकं."

ती खोटं बोलत नव्हती, मित्रांनो. तिला अगदी तसंच वाटत होतं. चैत्रा मात्र माझ्याशेजारी कट्ट्यावर डोकं टेकून बराच वेळ रडली. मला तोंड असतं तर तेव्हाच बोलले असते.

एका दुपारी सगळी जेवणं उरकली. बसवंतप्पा आडवे झाले, शिवशरण त्याच्या दुकानाला गेला. चैत्रा पाणी प्यायला आत आली. बघते तर नागम्मा कट्ट्याशी उभी. एक हात माझ्या काठावर, दुसऱ्या हातात भाकर, आणि ती पिठल्याची कढई पुसून खात होती.

"आत्याबाई, तुमी मगाशी जेवलाव की!"

"व्हय, जेवले की."

"मग हे काय खायलाव?"

"खायले कुठं गं?" नागम्मा सहज म्हणाली. "उरलेलं संपवायले."

चैत्रा तिथेच थबकली. तिच्या डोक्यात काय लख्ख पडलं ते मला तिच्या तोंडावर दिसलं. ती चिडली नाही, ओरडली नाही. तिने फडताळातून एक मोठं ताट काढून कट्ट्यावर ठेवलं.

"आत्याबाई, माझं एक ऐका. उद्या एक दिवस, जेवण तुमचं तुमी नेहमीसारखं बसून करा. पर त्याच्याबिगर जे काई तोंडात घालावं वाटंल, ते या ताटात ठिवा. खायाचं न्हाई. फकस्त ठिवायचं."

"हे काय नवीन खूळ?"

"माझ्यासाठी करा. माझ्यावर आळ आलाय न्हव का."

ते ऐकून नागम्माने ताट आपल्याकडे ओढून घेतलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी माझ्यातली शिळी भाकर ताटात आली. तिच्यावर तेल-चटणी. मग सौम्याने टाकलेली दूध-साखरेतली अर्धी भाकर, वाटीतल्या दुधासकट. सकाळच्या सुशील्याचा, म्हणजे फोडणीच्या मुरमुऱ्यांचा, तळाचा घास. घास कसला, चांगली वाटीभर. दुपारी तळाला लागलेली भाताची खरपूड, कढईतलं पिठलं, बसवंतप्पांनी "बास" म्हणून ठेवलेली भाकर. चहाबरोबर फुटकी बिस्किटं, डब्यात चुरा होऊन जातात म्हणून. दिवेलागणीला पुन्हा भाकर, पुन्हा भात. प्रत्येक वेळी तिचा हात तोंडाकडे जायचा आणि ती "अगं बाई" म्हणून थांबायची. दिवसभर तेच चाललं होतं.

संध्याकाळी ताट शीग लागल्यासारखं भरलं. एखाद्या नांगर धरणाऱ्या गड्याने भुकेजून जेवावं, एवढं अन्न होतं ते. नागम्मा त्याच्यासमोर खाली बसली. कितीतरी वेळ बघत राहिली.

"हे समदं एका दिसाचं?"

"व्हय, आत्याबाई."

"आन मी देवाची शपथ घ्यायले..." पदर तोंडाला लावून ती रडू लागली. मला तिचा राग आला नाही, मित्रांनो. वाईट वाटलं. सगळ्यांना वाढून झाल्यावर, उभ्याउभ्या, कढईतून, कुणाच्या नजरेला न पडता पोटात गेलेलं अन्न तिने कधी जेवण म्हणून धरलंच नव्हतं.

शिवशरण दुकानातून आला. ताट बघून त्याला आधी उमगेना. उमगलं तेव्हा मान खाली गेली. "चैत्रा, चुकलं माझं," एवढंच बोलला. बरं झालं. निदान बोलला तरी.

पण नागम्मा सहज मानणारी नव्हती. "मग काय, प्रसाद उकिरड्यावर टाकू? सिद्धव्वा वरून बघंल तर काय म्हणंल?"

"टाकायचं कामून?" चैत्रा म्हणाली. "करायचंच थोडं. पाव्हणा आला तर तवा काई पळून जायला न्हाई. ताजी भाकर घालू."

माप बदललं. पण हात कुठे लगेच ऐकतो? जास्तीचं पीठ परातीत यायचं, मग परत डब्यात जायचं. पहिल्या दिवशी मी रिकामी राहिले, तेव्हा दिवेलागणीला नागम्मा पुन्हा पुन्हा येऊन माझ्यात हात फिरवून गेली. घरात काहीतरी अशुभ झाल्यासारखं तोंड करून बसली. शेवटी बसवंतप्पा म्हणाले, "अगं, बुट्टी रिकामी हाय, घर न्हाई रिकामं. जेव माझ्यासंगं." आणि इतक्या वर्षांच्या संसारात ती पहिल्यांदा नवऱ्याच्या पंगतीला बसली. लाजून पार अर्धी झाली होती.

हळूहळू साखर उतरू लागली. वजनही कमी होत गेलं, अगदी मुंगीच्या पावलाने. पायाची पट्टी ओली व्हायची थांबली. एके दिवशी तपासून डॉक्टर प्रेरणाबाई म्हणाल्या की पाय वाचला. शिवशरण ही बातमी सांगत घरात शिरला आणि दारातच लहान पोरासारखा रडला.

यंदाच्या येळवशीला सगळे शेतात गेले. येळवस म्हणजे पौषाच्या तोंडावरची आमच्याकडची मोठी अमावस्या. त्या दिवशी शेताची पूजा करून शेतातच जेवायचं आणि वाटसरूलाही जेवायला बसवायचं. भज्जी म्हणजे सगळ्या भाज्या आणि ओले दाणे घालून केलेली पातळ भाजी, शिवाय आंबील, खीर, तिळाच्या भाकरी. सणाला पाहुणे फार, म्हणून मलाही काठोकाठ भरून नेलं. नागम्मा सगळ्यांबरोबर पहिल्या पंगतीला बसली. आधी भज्जी घेतली, मग थोडी भाकर, खिरीचा एकच घास.

पंगत उठली. माझ्यात भाकरी उरल्या होत्या, भज्जीही पातेल्यात होती. नागम्मा जवळ आली. तिचा हात माझ्या काठावर टेकला. मला तो हात पाठ आहे. पुढे काय होतं हेही पाठ आहे. सौम्या टक लावून आजीकडे बघत होती. चैत्राने श्वास रोखला होता.

"चैत्रा," नागम्मा म्हणाली, "रस्त्यानं कोन जायलंय का बघ, हाक मार. उरलंय. मी जेवले. पोट भरलं माझं."

एवढी वर्षं मी त्या घरात आहे, मित्रांनो. "पोट भरलं" हे तिच्या तोंडून मी पहिल्यांदा ऐकलं.

आता मला जास्त बोलवत नाही. एकच मागणं आहे. तुमच्याही घरात कुणीतरी सगळ्यांच्या नंतर, उभ्याने, कढईतलं खात असेल. तिला विचाराल तर ती म्हणेल, मी कुठं काय खाते. तिच्याशी वाद घालू नका. आज जेवताना तिचं ताट आधी मांडा, तिचा हात धरून तिला शेजारी बसवा, आणि ती बसेपर्यंत तुम्हीही घास उचलू नका.