कुलपातलं पाणी

बाप्तिस्म्याच्या दगडी कुंडातलं पवित्र पाणी पुन्हा कमी झालं होतं. चेटकासाठी कुणी चोरू नये म्हणून कुंडाच्या झाकणाला कुलूप असे, अन् किल्ली चर्चची राखण करणाऱ्या वायमंडच्या कमरेच्या पट्ट्याला. त्याचा संशय गोडिथ सुइणीवर.

"तीच ती चेटकीण," घरी येऊन तो बायकोपाशी तणतणला. "गावातून हाकलतोच तिला."

बायको गोठ्यात आजारी गाईच्या कपाळाला ओला हात लावत होती. "हाकला की. पण झोपताना कमरेचा पट्टा कुठे ठेवता तुम्ही?"

वायमंडने तिच्याजवळच्या वाडग्याकडे पाहिलं, मग गाईकडे. कालपर्यंत आडवी पडलेली गाय उभी राहून गवत खात होती.

त्याने गोठ्याचं दार ओढून घेतलं.

"वासरालाही लाव थोडं," तो म्हणाला.